पुरुष नसलेल्या जगाच्या विज्ञानकथा: वाचक नेमके कुठे अडतात?

बंगाली लेखिका रोकेया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली तेव्हा त्यांचे पती सरकारी कामासाठी दौऱ्यावर होते. परतल्यावर त्यांनी ते कागद हातात घेतले, उभ्या उभ्याच सगळी कथा वाचून काढली आणि म्हणाले, "भयंकर सूड!" ही आठवण रोकेयांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०५ मध्ये ही कथा मद्रासच्या एका महिला मासिकात छापून आली. तिच्यात बायका राज्य चालवतात, सूर्याची उष्णता साठवून वापरतात आणि पुरुष मर्दान्यात, चार भिंतींच्या आड राहतात. पुरुषांची कत्तल वगैरे तिच्यात काहीच नाही. पतीला कथा आवडली होती, पुढे त्यांनीच ती इतरांना वाचायला दिली. तरीही पहिल्या वाचकाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सूड'.

त्यानंतर पुरुष नसलेल्या जगाची कल्पना विज्ञानकथेत पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि वाचकांच्या प्रतिक्रियाही त्याच त्या वळणांवर येत राहिल्या. हा पुरुषद्वेष आहे. हे जीवशास्त्रात बसत नाही. बायका काय भांडत नाहीत का? आणि अलीकडे जोर धरलेला प्रश्न: 'पुरुष' म्हणजे नेमकं कोण धरलंय? यातली कुठली प्रतिक्रिया उमटेल हे बहुतेक वेळा कथेतल्या तीन गोष्टी ठरवतात. पुरुष गेले कसे, जाऊन किती काळ लोटला, आणि गोष्ट सांगतंय कोण. या तिन्ही गोष्टी सुट्या करून पाहिल्या की कुठला आक्षेप कथेवर आहे आणि कुठला कल्पनेवरच, हे लख्ख दिसू लागतं.

पुरुष गेले कसे?

लेखकापुढे पर्याय मोजके असतात: साथ, अचानक नाहीसं होणं, वेगळं ठेवणं किंवा मारून टाकणं. बहुतेक जण साथ निवडतात, कारण साथीला हेतू नसतो. जॉन विंडम यांच्या १९५६ च्या 'कन्सिडर हर वेज'मध्ये उंदरांचा नायनाट करण्यासाठी तयार केलेला विषाणू हाताबाहेर जातो आणि पुरुष मरतात. फिलिप वायली यांनी १९५१ च्या 'द डिसअपिअरन्स'मध्ये कारण दिलेलंच नाही. एका क्षणी बायकांच्या जगातून सगळे पुरुष नाहीसे होतात, पुरुषांच्या जगातून सगळ्या बायका, आणि कादंबरी दोन्ही जगं आलटूनपालटून दाखवत राहते.

वाचक तरीही हेतू शोधतात. विषाणूला हेतू नसेल, पण तो विषाणू लिहिणाऱ्याने निवडलाय ना, असा त्यांचा हिशेब असतो. त्यात तथ्य आहे, पण निवाडा एवढ्यावर करणं घाईचं ठरतं. त्याहून चांगली खूण म्हणजे कथेत शोक आहे का आणि तो कोण करतं. ज्या कथेत मुलगा, भाऊ, बाप गेल्याचं दुःख पानापानांवर आहे तिच्यावर द्वेषाचा आरोप सहसा टिकत नाही. ज्या कथेत कोणी रडतच नाही तिच्यावर तो पटकन होतो. आणि कोणी न रडण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की पुरुष जाऊन शतकं उलटलेली असतात.

किती काळ लोटला?

पहिल्या दिवसाची गोष्ट आणि सहाशे वर्षांनंतरची गोष्ट हे दोन वेगळे साहित्यप्रकार मानावेत. पहिली आपत्तीकथा असते. २००२ ते २००८ या काळात ६० अंकांत प्रसिद्ध झालेली 'वाय: द लास्ट मॅन' ही चित्रमालिका अशी आहे. इथे कोण वाचलं, काय बंद पडलं, सत्ता कोणाच्या हाती गेली, हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं आकड्यांत शोधता येतात. जगभरच्या व्यापारी जहाजांवरच्या कर्मचाऱ्यांत बायकांचं प्रमाण २०२१ च्या पाहणीत १.२८ टक्के निघालं होतं. प्रवासी विमानं चालवणाऱ्यांत ते पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार परिचारिका आणि परिचारक मिळून जे मनुष्यबळ आहे, त्यात सुमारे ९० टक्के बायका आहेत. म्हणजे पहिल्या आठवड्यात बंदरं ठप्प होतील, पण रुग्णालयातली रात्रपाळी भरलेली असेल. चांगली आपत्तीकथा ही असमान पडझड दाखवते. कच्ची कथा सगळंच कोसळवते, नाहीतर सगळंच सुरळीत चालू ठेवते.

कामं शिकायला किती वेळ लागतो हेही पाहायला हवं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या लाखो बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांतली कामं थोड्याच काळात शिकल्या. जहाजाचा कप्तान मात्र अनेक वर्षांच्या समुद्रावरच्या नोकरीतून घडतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात गिरण्या चालू आणि समुद्र मोकळा, असं चित्र एखाद्या कथेत आलं तर लेखकाने गृहपाठ केलाय असं खुशाल समजावं.

सहाशे वर्षांनंतरच्या कथेला हे प्रश्न लागू होत नाहीत. तिथे ज्यांना पुरुष ही गोष्टच माहीत नाही अशा माणसांचा समाज असतो. 'मग जहाजं कोण चालवणार?' हा आक्षेप तिथे घेतला जातो तेव्हा वाचक नकळत आजचा समाज अर्धा कापून समोर ठेवत असतो. अशा कथांवरच्या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सांगतंय कोण?

जोआना रस यांची 'व्हेन इट चेंज्ड' ही कथा १९७२ ची. त्या वर्षीच्या सर्वोत्तम लघुकथेचा नेब्युला हा विज्ञानकथेचा पुरस्कार तिला मिळाला. माणसांनी वसवलेल्या एका ग्रहावर साथ येऊन पुरुष मेले, त्याला सहाशे वर्षं झाली आहेत. कथा अगदी छोटी आहे आणि तिची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे.

सुरुवात गाडीत होते. निवेदक सांगते की आपली बायको वेड्यासारखी गाडी हाकते. निवेदकाच्या अंगावर द्वंद्वयुद्धाच्या जखमा आहेत, घरी मुलं आहेत. वाचक मनातल्या मनात नवरा उभा करून टाकतो. तो 'नवरा' बाई आहे हे पुढे कळतं, तोवर वाचकाचं गृहीतक त्याच्याच पदरात पडलेलं असतं. मग पृथ्वीवरून चार पुरुष येतात. त्यातला एक विचारतो की तुमची माणसं कुठे आहेत? समोर माणसंच उभी आहेत. निवेदकाला क्षणभर प्रश्नच कळत नाही, मग उमगतं की तो पुरुषांबद्दल विचारतोय. कथेचा सगळा भार त्या एका प्रश्नावर आहे. पाहुणे उद्धट नाहीत, उलट सहानुभूती दाखवतात, तुमच्यावर केवढं संकट कोसळलं म्हणून हळहळतात. कथेतली भीती त्या सहानुभूतीतूनच येते.

त्या काळच्या विज्ञानकथा चाहत्यांच्या नियतकालिकांत या कथेवर चिडलेली पत्रं छापून आली, त्यांत द्वेषाचा आरोप होता. कथेत मात्र एकाही पुरुषाला इजा होत नाही. एक बंदूक रोखली जाते आणि निवेदक ती बाजूला करते. मग राग कशाचा? निवेदकाला पुरुषांची उणीव जाणवत नाही, हेच अनेकांना झोंबलं असावं. हा आमचा तर्क आहे, पण कथेच्या रचनेतून दुसरं कारण हाती लागत नाही. वैर तरी समोरच्याची दखल घेतं, इथे दखलच नाही.

१९७६ ची 'ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?' उलट्या बाजूने सांगितलेली आहे. तीन पुरुष अंतराळवीर सौरज्वालेच्या तडाख्यात सापडून सुमारे तीनशे वर्षं पुढे फेकले जातात. पृथ्वीवर तेव्हा फक्त बायका आहेत. निवेदन त्या तिघांपैकी एकाच्या नजरेतून येतं. सावध, शिकलेला, दोन धटिंगण सहकाऱ्यांपुढे आयुष्यभर थोडा दबलेला असा हा माणूस. बायका त्यांना असं औषध देतात की मनावरचा लगाम सुटावा. मग एकाच्या आतून बळजोरी बाहेर येते, दुसऱ्याच्या आतून धर्माच्या नावाने हुकूम गाजवण्याची हौस. शेवटी बायका शांतपणे ठरवतात की यांना पृथ्वीवर उतरू द्यायचं नाही.

हा विजय की हत्या, यावर वाचकांचं आजही एकमत नाही, आणि ते होऊ नये अशीच कथेची रचना आहे. निवेदक पुरुष असल्याने वाचक त्याच्या कातडीत शिरतो, आणि त्याच कातडीतून त्याला आपल्याविरुद्धचा निकाल ऐकावा लागतो. या कथेला नेब्युला मिळाला आणि विज्ञानकथेचाच दुसरा मोठा पुरस्कार, १९७७ चा ह्यूगो, विभागून मिळाला. लेखकाचं नाव छापलं होतं जेम्स टिपट्री ज्युनियर. हे लेखन निःसंशय पुरुषाचं आहे असं एका मान्यवर विज्ञानकथा लेखकाने १९७५ मध्ये प्रस्तावनेत लिहिलं होतं. पुढे उघड झालं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन ही बाई. मजकुरातला एक शब्दही बदलला नव्हता, पण आधी 'पुरुषाने केलेलं परखड आत्मपरीक्षण' म्हणून वाचता येणारी कथा आता 'बाईने केलेला आरोप' म्हणून वाचता येऊ लागली. म्हणून अशा कथेवर मत देण्याआधी लेखकाचं नाव झाकून आपलं मत तेच राहतं का, हे तपासणं खरोखर उपयोगी पडतं.

'पण मूल कसं होणार?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त घेतला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. कथांमध्ये साधारण चार मार्ग येतात: पुरुषाशिवाय आपोआप गर्भ राहणं, दोन बीजांडं एकत्र करणं, क्लोन आणि गोठवलेले शुक्राणू. चौघांची शास्त्रीय ताकद सारखी नाही.

पहिला मार्ग म्हणजे अनिषेकजनन. व्हिपटेल सरड्यांच्या काही जाती पूर्णपणे माद्यांच्या आहेत आणि त्या असंच प्रजनन करतात. सस्तन प्राण्यांत मात्र हे निसर्गात होत नाही, आणि त्याचं कारण १९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. केंब्रिज आणि फिलाडेल्फिया इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की दोन्ही जनुकसंच आईकडचे असले तर वार (गर्भाला पोसणारा अवयव) नीट वाढत नाही, दोन्ही बापाकडचे असले तर गर्भच नीट वाढत नाही. आपल्या काही जनुकांवर 'हे आईकडून आलं', 'हे बापाकडून आलं' अशी रासायनिक खूण असते आणि त्या खुणेप्रमाणे जनुक चालू किंवा बंद राहतं. उदाहरणार्थ, गर्भाच्या वाढीसाठी लागणारं आयजीएफ-२ हे जनुक बापाकडून आलेलं चालू असतं, आईकडून आलेलं बंद. दोन आया म्हणजे दोन्ही प्रती बंद. वाढ तिथेच खुंटते.

दुसरा मार्ग, दोन बीजांडांचा, इथेच अडतो, पण तो पूर्ण बंद नाही. २००४ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांच्या गटाने एका बीजांडातली एक खूण जनुकीय बदल करून काढून टाकली, म्हणजे ते बीजांड काही बाबतींत शुक्राणूसारखं वागू लागलं, आणि त्यातून बाप नसलेली उंदरीण जन्मली. तिचं नाव कागुया. साडेचारशेहून अधिक बीजांडांवर मेहनत करून प्रौढ वयापर्यंत पोचली ती एकटी. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी एकाच अनिषेचित बीजांडातल्या सात ठिकाणच्या खुणा बदलून उंदराचं पिल्लू जन्माला घातलं आणि ते प्रौढही झालं. माणसात हे झालेलं नाही. रस यांच्या कथेत बीजांडं एकत्र करूनच मुलं होतात. १९७२ मध्ये ही जनुकीय अडचण कोणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा त्या कथेवर आज हा आक्षेप घेणं अन्यायाचं आहे. आज लिहिलेल्या कथेवर तो जरूर घ्यावा. आणखी एक तपासणी सोपी आहे. दोन बायकांच्या बीजांडांत Y गुणसूत्र, म्हणजे ज्यामुळे सहसा मुलगा होतो ते, नसतंच, त्यामुळे या मार्गाने फक्त मुली होतील. कथेत त्यातून मुलगा जन्मला तर ती चूक, लेखकाने वेगळं कारण दिलं नसेल तर.

क्लोनचा मार्ग या सगळ्याला वळसा घालतो. डॉली ही मेंढी १९९६ मध्ये एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून जन्मली. २७७ जोडलेल्या पेशींमधून एक कोकरू जगलं. ज्या मेंढीची पेशी घेतली तिला स्वतःला आई आणि बाप दोन्ही होते, त्यामुळे तिच्या पेशीत दोन्हीकडच्या खुणा आधीच जागेवर होत्या. नवा नर लागलाच नाही. म्हणून टिपट्री यांनी निवडलेला क्लोनचा मार्ग शास्त्राच्या दृष्टीने जास्त भक्कम आहे, आणि त्या कथेत तो आकड्यांसह येतो: सुमारे वीस लाख बायका, जनुकीय प्रकार फक्त ११,०००. भागाकार केला तर एका प्रकारच्या सरासरी १८० बायका. प्रत्येक प्रकाराची स्वतःची वही आहे, तिच्यात आधीच्या बहिणींनी आपल्या स्वभावाबद्दल, दुखण्यांबद्दल, चुकांबद्दल लिहून ठेवलेलं असतं आणि पुढची त्यात भर घालते. विज्ञानातून समाजाची रीत कशी निघते, याचं इतकं नेमकं उदाहरण या प्रकारात दुसरं सापडणं कठीण. क्लोनमधली उणीवही खरी आहे. जनुकांची सरमिसळ थांबते, त्यामुळे एखादा नवा रोग एका प्रकाराला लागला तर त्या १८० जणींना एकदम धोका.

राहिले गोठवलेले शुक्राणू. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते अनेक दशकं टिकतात. पण त्यातले निम्मे Y वाले, म्हणजे पुढच्याच पिढीत मुलगे. जिथे हा साठा शाबूत आहे पण मुलगे नाहीत, तिथे लेखकाने कारण द्यायलाच हवं. साथ अजून चालू आहे, किंवा बायकांनी ठरवून मुलगे नाकारलेत. माणसाच्या X वाल्या शुक्राणूत Y वाल्यापेक्षा सुमारे २.८ टक्के जास्त डीएनए असतो, त्यावरून त्यांची बरीचशी छाननी करता येते. ही निवड ठरवून केलेली असेल तर कथेचा नैतिक प्रश्नच बदलतो आणि वाचकाचा राग तिथे रास्त ठरू शकतो.

'Y गुणसूत्र तसंही नष्ट होतंय' हा युक्तिवादही वरचेवर येतो. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्या Y ची तुलना २०१२ मध्ये झाली, तेव्हा त्याच्या मूळच्या जनुकांपैकी एकच जनुक गेल्या अडीच कोटी वर्षांत माणसाकडून गळाल्याचं दिसलं. शिवाय जपानमधल्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरांत Y उरलेलंच नाही, तरी नर जन्मतात. Y जाणं म्हणजे नर जाणं नव्हे.

'पुरुष' म्हणजे कोण?

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मेन' या कादंबरीत Y गुणसूत्र असलेली सगळी माणसं एका क्षणी नाहीशी होतात. पुस्तक बाजारात येण्याआधीच त्यावर वाद पेटला: मग ट्रान्स स्त्रियांचं काय, ट्रान्स पुरुष मागे कसे उरतात? पुस्तक न वाचता झालेल्या टीकेत अंदाज बरेच होते, पण मूळ प्रश्न पक्का आहे, कारण Y ही रेघ जीवशास्त्रातही सरळ जात नाही. अँड्रोजनला, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना, शरीर दाद देत नाही अशा स्थितीत जन्मलेल्या काही स्त्रियांच्या पेशींत XY असतात. काही पुरुष XX असतात, Y वरचं एक जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर गेलेलं असल्यामुळे. आणि मुलगा पोटात वाढवलेल्या आईच्या रक्तात त्याच्या पेशी पुढे कित्येक वर्षं सापडतात. १९९६ च्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही त्या सापडल्या होत्या. 'Y असलेली प्रत्येक पेशी मारणारा विषाणू' लिहिणाऱ्याला या आयांचं काय झालं ते सांगावं लागेल. लेखकाने या कडा पाहिल्या असतील तर कथा जास्त खोल होते. न पाहता निव्वळ 'Y' म्हटलं असेल, तर वाचकाचा आक्षेप शास्त्रावरही आहे आणि माणसांवरही.

जुन्या आदर्श जगांना तर याच्या पुढचा प्रश्न विचारावा: पुरुषांबरोबर आणखी कोणाला वगळलंय? १८८० मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः सुरू झालेल्या 'मिझोरा'त सगळ्या बायका गोऱ्या आणि सोनेरी केसांच्या आहेत, सावळ्या माणसांना हेतुतः संपवलेलं आहे. १९१५ च्या 'हर्लंड'मध्ये 'अयोग्य' ठरलेल्या बायकांना आई होऊ नका असं सांगितलं जातं. हर्लंड पुस्तकरूपात आलं १९७९ मध्ये, म्हणजे तिचे बहुतेक वाचक आपल्या काळातले आहेत, आणि शांत, भांडणाशिवाय चाललेल्या त्या देशाचं कौतुक करताना अनेकांची नजर या तपशिलावरून घसरून जाते. 'बायका भांडत नाहीत का?' या आक्षेपापेक्षा हा कितीतरी गंभीर आहे. भांडण का नाही, याचं उत्तर इथे काही अंशी या निवडीत दडलेलं आहे.

शेवटचा आक्षेप उलट करून पाहण्याचा: फक्त पुरुषांचं जग लिहिलं तर चालेल का? लिहिलेलं आहे. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या १९८६ च्या 'ईथन ऑफ अ‍ॅथॉस'मध्ये एका ग्रहावर फक्त पुरुष आहेत. त्यांना कृत्रिम गर्भाशयं लागतात, आणि बीजांडांसाठी अंडाशयाच्या जिवंत पेशींचे साठे. हे साठे दोनशे वर्षं जुने आहेत आणि मरत चाललेत, म्हणूनच नायकाला ग्रह सोडून बाहेर पडावं लागतं. उलट करण्याच्या या कसोटीत दोन जगं सारखी येत नाहीत. बायकांच्या जगाला नव्या जनुकसंचाची सोय लावावी लागते. पुरुषांच्या जगाला तीही लागते, वर बीजांड, गर्भाशय आणि नऊ महिने चालणारं यंत्र लागतं.